टॉवेलबाई

बाईंच्या खांद्यावर कायम एक कोरडा टॉवेल असायचा. खर्डीला आमच्याच खोलीत त्या भाड्याने राहायच्या, आणि चहाचा कप घेतानाही आधी हात पुसायच्या. वाडीवरच्यांनी त्यांचं नाव टॉवेलबाई ठेवलं. ते त्यांना फार आवडलं.

त्या मुरबाडकडच्या शेतकऱ्याची लेक, शिकून माशांच्या डॉक्टर झालेल्या. नर माशाचं वीर्य कांड्यांत, म्हणजे बारीक नळ्यांत, भरून वाफाळत्या पण बर्फाहून गार अशा द्रव नायट्रोजनच्या कॅनमध्ये गोठवायचं, हे त्यांचं काम. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी तोंडाला पदर लावला.

"हसतेस काय गो? गाय भरवायला डॉक्टर कांडी आणतो, तेव्हा हसतेस का? नदीतला खडस मासा संपत आलाय. उद्या एकही नर उरला नाय, तरी यातून पिल्लं होतील."

माझं हसू विरलं.

मोठे खडस उरले होते फक्त देवाच्या डोहात, कारण तिथे जाळं टाकायचं नाही ही वाडीची रीत. बाईंनी नारळ ठेवून डोहाची पूजा करणाऱ्या भगतबाबांची परवानगी घेतली. कॅन धरायला मी सोबत होते. बाईंनी नर धरला, पोट पुसून हलकेच दाबलं, नळीत दुधासारखे थेंब जमले. तेवढ्यात बाबांनी भक्तिभावाने त्यावर डोहाचं पाणी शिंपडलं.

"देवाची वस्तू, बाय. पानी लावल्याबिगार कशी नेशील?"

बाईंचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. त्यांनी लगेच आम्हा दोघांना सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. थेंबात जत्रा भरली होती! आणि बघता बघता सगळं निपचित झालं.

"बीजातले हे जीव कोरडे असतात तोवर झोपलेले असतात. पाणी लागलं की उठतात, धावतात, संपतात."

बाबांनी कानाला हात लावले. पुढच्या नराच्या वेळी टॉवेल त्यांनीच धरला, आणि कोरडं बीज कांड्यांतून कॅनमध्ये गेलं.

नंतर एका उन्हाळ्यात कुणीतरी नदीत वरच्या अंगाला विष कालवलं. डोहातला एकही खडस वाचला नाही. बाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या. ऐकून भिंतीकडे तोंड करून रडल्या, मग म्हणाल्या, "कॅन रिकामा होऊ देऊ नको गो." काही दिवसांत त्या गेल्या. नायट्रोजन उडून कमी होई, तसा गुरांच्या डॉक्टरांकडून आणून मी कॅन भरत राहिले.

यंदा त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या कांड्या उघडल्या. दुसरीकडच्या मादीची अंडी, आमच्या डोहातल्या मेलेल्या नराचं बीज. बोटाएवढी पिल्लं डोहात सोडली तेव्हा ती सळसळत खोल गेली. बाप नाही, बाई नाहीत, पोरं मात्र पोहतायत.

भगतबाबांनी पिल्लांसाठी आणलेल्या चुरमुऱ्यांच्या पुडीला हात घालण्याआधी आपल्या खांद्यावरच्या टॉवेलला हात पुसले.

"आता गरज नाय, बाबा," मी म्हटलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "पन बाय ओरडंल."