सभा संपल्यावर सही

काल ग्रामसभेत नववीतली एक मुलगी हजेरीच्या वहीवर चक्क मांडी घालून बसली होती. शाळेने मुलांना सभा बघायला आणलं होतं आणि ग्रामसेवकाने वही तिच्याकडे सांभाळायला दिली होती. कोणी सही करून सटकायला आलं, की ती म्हणायची, "काका, सभा संपल्यावर."

मला हसू आलं, पण टिकलं नाही. तीस वर्षं मी याच गावात नागरिकशास्त्र शिकवलं. सकाळी फळ्यावर ग्रामसभेचं महत्त्व लिहायचो आणि संध्याकाळी शिपाई वही घेऊन आला, की न झालेल्या सभेला हजर असल्याची सही घरच्या ओट्यावर बसून करायचो.

काल उभा राहून हे सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मग माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "बसा गुरुजी. आमच्या सह्या काय वेगळ्या आहेत?" सगळे हसले, मीही. छातीवरचं ओझं उतरलं.

पुढे दोन तास पाण्याच्या टाकीवरून भांडण चाललं आणि कोणी उठलं नाही. शेवटी मुलीने वही पुढे केली. मी सही केली, ती जरा वाकडी आली.

तिने निरखून पाहिलं. म्हणाली, "चालेल, गुरुजी. तुम्ही होता."