एजिदिओ कुठवर चालला

मोंतेलाउरोत एखादा माणूस पायी चालताना दिसला, की आमचे लोक दोनच गोष्टी धरून चालतात: एक तर त्याची गाडी बिघडलीय, नाहीतर डोकं. कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी प्यायलासुद्धा इथे गाडीने जातात. संध्याकाळी मुख्य रस्त्यावर सगळं गाव हातात हात घालून फेऱ्या मारतं खरं, पण दर चार पावलांवर कोणाची तरी निंदा करायला थांबावं लागतं, त्यामुळे घाम कोणालाच येत नाही.

अशा गावात एजिदिओ सांतारसिएरोला डॉक्टरीणबाईंनी चालायला सांगितलं. पोस्टाच्या खिडकीमागे बसून त्याचं आयुष्य गेलेलं, बायको इंकोरोनाताच्या हातचं जेवण झकास, आणि रक्तातली साखर पार हाताबाहेर गेलेली.

"एकदम डोंगर चढायला जाऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आज जमेल तेवढं, उद्या त्याच्यापुढे दोन पावलं. पण रोज. नाहीतर एक दिवस पाय कापायची वेळ येईल, आणि तेव्हा माझ्याकडे रडत येऊ नका."

पाय कापण्याचं ऐकून एजिदिओची पाचावर धारण बसली. दुसऱ्याच दिवशी नवे बूट घालून तो गावाबाहेरच्या रस्त्याला लागला. अजून घरं संपली नव्हती तोच खाटकाने गाडी थांबवली.

"बस."

"नको रे, चालायचंय मला."

"इंकोरोनाताने घराबाहेर काढलं की काय?"

"नाही, डॉक्टरांनी सांगितलंय."

"म्हणजे दुखणं मोठं दिसतंय! मग तर बसच."

आमच्याकडे गाडीत बसायला नकार देणं म्हणजे समोरच्याच्या आईला शिवी देण्यासारखं. एजिदिओ निमूट बसला. पुढच्या दिवशी पाववाल्याने उचलला, त्याच्या पुढच्या दिवशी खुद्द पाद्रीबाबांनी. रोज हा चालायला म्हणून निघायचा आणि रोज कोणाच्या तरी गाडीतून घरी यायचा. साखर उलट वाढली, कारण पाववाला वाटेत त्याच्या हातात काहीतरी गोडधोड कोंबायचा.

मग त्याची सासू वारली.

मयत चर्चमधून निघून टेकडीवरच्या दफनभूमीकडे जातं. शववाहिका पुढे, माणसं पायी मागे. ओळखीपाळखीचे लोक गावाच्या कमानीपर्यंत चालतात आणि तिथे मागून येणाऱ्या गाड्यांत शिरतात. जवळचे नातलग पाण्याच्या हौदापर्यंत नेट धरतात. त्याच्यापुढची चढण, थेट वरच्या फाटकापर्यंत, फक्त ज्याच्या काळजाचा तुकडा गेलाय तोच चढतो. कोण कुठवर चालला हे गाव डोळ्यांत तेल घालून बघतं आणि जन्मभर विसरत नाही. त्यावरून आमच्याकडे भावाभावांत अबोला धरलेला आहे.

एजिदिओ धापा टाकत हौदापर्यंत पोचला. तिथे कठड्याला टेकून दम खाताना त्याच्या लक्षात आलं, की एवढ्या वाटेत एकाही शहाण्याने त्याला "बस" म्हटलेलं नाही. मयताच्या मागे चालणाऱ्याला गाडीत ओढायची आमच्या गावाची छाती नाही. सासूने आयुष्यात पहिल्यांदाच जावयावर उपकार केला होता.

तिथपासून तो गावातल्या प्रत्येक मयताला जाऊ लागला. सकाळी उठून भिंतीवरची काळ्या चौकटीची निधनाची पत्रकं वाचायची, काळा कोट झटकायचा आणि निघायचं. कोणी मेलेलं नसेल त्या दिवशी खिडक्या लावून घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती फेऱ्या मारायच्या. हिवाळा चांगला गेला. एका मयताला हौदाच्या थोडं पुढे, पुढच्याला बदामाच्या झाडापर्यंत, त्याच्या पुढच्याला वळणापर्यंत. उन्हाळा मात्र वाईट निघाला. गावात कोणी मरेना आणि याची साखर उतरेना. बाकांवर गप्पा छाटत बसलेल्या टुणटुणीत म्हाताऱ्यांकडे तो असा बघायचा की ते बिचारे छातीवर क्रूस काढायचे.

शेवटी शिंपीण ओर्तेन्सिया गेली. बिनलग्नाची, साठीतली, नीटनेटकी बाई. त्या दिवशी हवा थंड होती आणि पाय हलके पडत होते. बदामाचं झाड मागे पडलं, वळण मागे पडलं, आणि एजिदिओ चक्क फाटकापर्यंत पोचला! पायथ्याशी धाप लागणारा माणूस आपल्या पायांनी टेकडीवर उभा होता. त्याला इतका आनंद झाला की तो फाटकाची सळई धरून ढसाढसा रडला.

सगळं गाव बघत होतं.

घरी पोचायच्या आत बातमी इंकोरोनाताकडे पोचली होती. एजिदिओच्या पँटी दरवर्षी कमरेत सैल करून द्यायला ओर्तेन्सियाकडेच जायच्या, हेही आता लोकांना आठवलं. माप घ्यायला इतका वेळ का लागायचा, हा प्रश्न केशकर्तनालयात मोठ्याने चर्चिला गेला.

"माझ्या आईच्या मागून हौदापर्यंत," इंकोरोनाता म्हणाली, "आणि त्या शिंपिणीच्या मागून फाटकापर्यंत!"

"अगं, आईंच्या वेळी मला जमत नव्हतं."

"आणि रडायचं छान जमलं?"

"साखरेसाठी चालतो मी!"

रात्री जेवणानंतर तिने त्याच्यापुढे बदामाच्या वड्यांची बशी आदळली. "खा. जिच्यासाठी साखर उतरवत होतास ती तर गेली." रोज रात्री बशी येऊ लागली. एजिदिओ वड्यांना हात लावायचा नाही आणि तिच्याकडे बघायचा नाही. एवढी वर्षं एका पलंगावर काढलेली बाई आपल्याला ओळखत नाही, याचं त्याला फार वाईट वाटत होतं. टेबलाभोवतीच्या फेऱ्याही थांबल्या.

आणि मग एका सकाळी भिंतीवर पोस्टमास्तर बेल्लूशीचं पत्रक लागलं.

या बेल्लूशीने एजिदिओला सगळी नोकरीभर गिऱ्हाइकांसमोर गाढव म्हटलं होतं. निवृत्त झाल्या दिवशी एजिदिओने कॉफीच्या दुकानात, चारचौघांत, शपथ घेतली होती की या माणसाच्या मयतामागून मी एक पाऊल टाकणार नाही.

"साखरेसाठीच चालतोस ना?" इंकोरोनाता म्हणाली. "मग आज चाल. फाटकापर्यंत. कोण मेलंय ते साखरेला थोडंच कळतं?"

"मी शपथ घेतलीय."

"शपथ तू चर्चमध्ये माझ्यासमोरही घेतली होतीस."

एजिदिओ निघाला. कमानीपाशी सगळे गाड्यांत शिरले. हौदापाशी मयताचा मुलगासुद्धा, बूट चावतायत म्हणून. पुढे शववाहिका आणि मागे एकटा एजिदिओ. "गाढव तू, तुझा बाप गाढव," असं तो पेटीकडे बघत पुटपुटत होता आणि प्रत्येक शिवीसरशी एक पाऊल पुढे पडत होतं. जुन्या शिव्या वळणावरच संपल्या. उरलेली वाट तो नुसता चालला, आणि वर पोचल्यावर त्याला कळलं की आपल्याला धाप लागलेली नाही.

फाटकापाशी इंकोरोनाता उभी होती. शेजारणीच्या गाडीतून आधीच येऊन तिने सगळी चढण वरून बघितली होती.

"पटलं?" त्याने विचारलं.

"पटलं." ती खालच्या रस्त्याकडे बघत राहिली. "पण मी काय करू? तू माझ्या आधी जाणार. माझे हे गुडघे बघ. हौदसुद्धा गाठायचे नाहीत. गाव म्हणेल, इंकोरोनाताची माया हौदाअलीकडेच संपली."

"बस की गाडीत. मला काही वाटायचं नाही."

"तुला कुठून वाटणार? तू पेटीत असशील!"

तिने शेजारणीला हात करून जायला सांगितलं, त्याचा दंड घट्ट पकडला आणि उतार उतरायला लागली.

"उद्या कमानीपर्यंत येते तुझ्याबरोबर," ती म्हणाली. "परवा थोडं पुढे. आणि मी फाटकापर्यंत पोचेपर्यंत मरायचं नाही, कळलं?"