मागासाठी उखडलेली फरशी

लढाई सुरू होऊन दोन पावसाळे गेले होते. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या नाक्यावर सर्व्हिस मोटार कोळशाचा धूर सोडत उभी होती. पेट्रोल लष्कराला आणि कोळसा आम्हाला. टपावर माझी ट्रंक, तांदळाचं पोतं आणि जातं. जातं चढवताना हमाल कुरकुरला, पण मी खाली उतरवू दिलं नाही. आत मी आणि माझी दहा वर्षांची सुशी. तिच्या वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं. आमच्याकडे मुलीला चौथीपुढे शाळा नव्हती, नगरला होती. निघायला मला एवढं कारण पुरलं.

धाकटे दीर तात्या खिडकीशी आले. "वहिनी, वर्षात परत याल. तवा लाजू नका. पोरीचं लगीन मी बघतो." ते चांगल्या मनानेच म्हणाले, म्हणून तर मला धाक बसला. नगरला जमलं नाही की सुशीची पाटी फुटणार, हे तेव्हाच पक्कं झालं.

माझे वडील, आबा, मोटारीपासून लांब उभे होते. ते दर बाजाराला म्हणायचे तेच त्या दिवशीही म्हणाले, "आधी बाजारात कोण आलंय ते बघ, मग पोतं सोड." राजूरच्या बाजारात तांदूळ नेला की आबा पोत्याची गाठ न सोडता आधी बाजारभर एक चक्कर मारायचे. लग्नघरची माणसं दिसली तर बारीक तांदूळ पुढे, धरणावरचे मजूर दिसले तर जाडा. लहानपणी मला त्या चकरेचा कंटाळा यायचा.

नगरला येऊन मी नेमकी तीच चक्कर मारली नाही. पाटल्या आणि पुतळ्यांची माळ मोडून तोफखाना या वस्तीच्या अंगाला जागा घेतली आणि चार खोल्या बांधल्या. एक आम्हाला, तीन भाड्याला. तेव्हा जो तो लष्करातल्या कारकुनांसाठी बांधत होता, म्हणून मीही बांधलं. गवंडी म्हणाला, "शहाबादी टाका बाई, शेणाच्या जमिनीला ही मंडळी नाक मुरडतात." मी शहाबादी फरशी टाकली. रस्त्यावरून आत दिसू नये म्हणून खिडक्या उंच ठेवल्या. तीन कारकून आले. टापटीप माणसं, कुरकुर नाही. माझी निवड बरोबर निघाली म्हणून मी स्वतःवर खूश होते.

लढाई संपली, बदलीचे हुकूम आले आणि महिन्याभरात तिन्ही खोल्या रिकाम्या झाल्या. एक ट्रंक, एक वळकटी, एक सायकल. प्रत्येकाचा संसार एका टांग्यात मावला. टांग्यात मावणारा संसार टांग्यातूनच निघून जातो, हे मला आधी सुचायला हवं होतं.

त्यानंतर पावसाळाभर खोल्यांना कुलूप होतं. दसऱ्याला तात्यांचं कार्ड आलं: दिवाळीनंतर न्यायला येतो, पोरीसाठी स्थळ पाहिलं आहे. सुशी तेव्हा नववीत होती. तिने कार्ड वाचलं, घडी घालून फळीवर ठेवलं आणि भूगोलाचं पुस्तक उघडलं.

दुसऱ्या दिवशी मी घागर घेऊन कोपऱ्यावरच्या नळावर गेले. घरी पाणी भरलेलं होतं. मला माणसं पाहायची होती. आठवडाभर रोज गेले. शाळामास्तर भाड्याने राहतात, पण मे महिन्यात गावी जातात आणि खोली सोडून देतात. बाजारपेठेतले गुजर स्वतःच्या दुकानावरच राहतात. नळावर सगळ्यांत जास्त बाया होत्या विणकरांच्या. आपसात तेलुगू बोलायच्या, माझ्याशी नगरी मराठी. विचारलं की सांगायच्या: दोन खोल्या, तीन माग, दोन सुना, तिसरी येत्या माघात. धाकट्याला माग टाकायला जागा नाही. सूत आता पुन्हा मिळायला लागलं होतं, आणि ही माणसं चार पिढ्यांत इथून हलली नव्हती.

मला वाटलं, सापडलं. पण एकेक घर येऊन खोली पाहायचं, चुकचुकायचं आणि जायचं. भाडं उतरवलं तरी तेच. मला कोडं पडलं. शेवटी नरसम्मा म्हणून विणकरांतली एक म्हातारी आली, साठीची, दात पडलेली, जिभेला धार. तिने पायाच्या अंगठ्याने माझी फरशी ठोकून पाहिली.

"बाई, खोली लई झ्याक हाय. पन पाय कुठं घालू?"

मी खाली फरशीकडे पाहिलं, तशी ती हसली. "खोल्या बांधल्या अन् माग बगितला न्हाई? चल."

पाच वर्षं मी त्या मागांचा खडखडाट ऐकत होते आणि एकदाही आत डोकावले नव्हते. त्या दिवशी पाहिलं. माग जमिनीलगत असतो. विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि खालच्या पावड्या पायांनी दाबतो. त्याला मातीची जमीन लागते आणि धाग्यावर उजेड पडेल अशी खाली, जमिनीजवळ खिडकी. मी मोठ्या हौसेने केलेल्या दोन्ही गोष्टी त्याच्या मुळावर आलेल्या होत्या.

"बस की," नरसम्मा म्हणाली. मी खड्ड्यात पाय सोडले. गार माती लागली. एक मनात आलं: ज्याचा संसार असा जमिनीत रोवलेला आहे, तो उठून जाईल कुठे?

दुसऱ्या दिवशी गवंड्याला बोलावलं. "फरशी मीच टाकली, मीच उखडू?" तो म्हणाला. "शेजारीपाजारी हसतील."

"हसू देत. तू पहार घे."

नेमके दोनच दिवसांनी दुपारी तात्या आले. दारात फरशांचा ढीग, खोल्यांत मातीचे खड्डे, भिंतीला खिडक्यांसाठी पाडलेली भगदाडं. ते मटकन ओट्यावर बसले. "वहिनी, ह्ये काय करून ठिवलंय? कुनाला पुरायचंय?"

"पाच दिवस राहा," मी म्हटलं, "मग न्यायचं असेल तर न्या."

पाचव्या दिवशी नरसम्माचा धाकटा मुलगा माग घेऊन आला, त्याच्यामागे तिचा पुतण्या. तिसऱ्या खोलीसाठी दोन घरांत भांडण लागलं. तात्यांनी स्वतः खुंट्या ठोकायला हात लावला. जाताना स्थळाचं नाव काढलं नाही. दोन फरश्या मात्र मागितल्या, धुण्याला म्हणून.

सुशी आता मॅट्रिकला बसते आहे.

अकोल्यातल्या जावा विचारतात, घरी कधी येणार? आणि माझ्यासारख्याच गाव सोडून पुण्यामुंबईला गेलेल्या मैत्रिणी कळवतात की गावाची फार आठवण येते. मलाही येते, तांदूळ शिजला की हटकून. मागच्या उन्हाळ्यात मी गेले होते. विहिरीजवळ माझ्याच फरशांवर तात्यांची सून धुणं आपटत होती. संध्याकाळी ओसरीवर सगळ्यांत बसले. गप्पा जुन्याच होत्या, छान होत्या. थोड्या वेळाने लक्षात आलं, की मी सारखी बूड हलवते आहे, मांडी घालते, मोडते. नगरला रोज तिसऱ्या प्रहरी मी नरसम्माच्या मागाशी बसते, खड्ड्यात पाय सोडून, तिची बोलणी खात.

"काय झालं वहिनी, बसायला नीट होईना का?" तात्यांनी विचारलं.

काही नाही म्हटलं. अकोल्याच्या त्या सारवलेल्या, सपाट जमिनीवर माझ्या पायांना जागा सापडत नव्हती.