पापणीवरचं बोट

आमच्या शेजारची धनगरीण मुळशीतल्या तान्ह्या बाळांना आणि नवऱ्या मुलींना न्हाऊ घालायची. काम करताना ती डोळे मिटून घ्यायची आणि झोपेत असल्यासारखी संथ बोलायची. धरणासाठी पलीकडच्या डोंगरात सुरुंग उडत, आमची भांडी थरथरत, पण तिचा हात कधी दचकला नाही.

मला बघायला पाहुणे येणार म्हणून मी तीन दिवस मसुरीच्या भरड पिठानं तोंड खसाखसा घासलं. उजळायचं सोडून गाल लालभडक सोलवटले. पाहुणे उद्यावर आलेले. आईनं रडकुंडीला येऊन धनगरणीला बोलावलं.

तिनं हाताच्या पाठीनं माझा गाल चाचपला.

"तोंड हाय बाई, भांडं न्हाई," ती म्हणाली. "आता धा दिस कायबी लावू नगंस. निस्तं गार पानी, अन् वाईच लोनी."

"अन् पाहुणे?" आईनं विचारलं.

"त्यास्नी सांगा, धा दिसांनी या. ज्याला सून पायजे त्यो थांबल."

आईनं धीर करून निरोप धाडला. दहा दिवसांत गाल निवले. पाहुणे यायच्या दिवशी सकाळी भाताच्या खाचरांवर धुकं होतं. धनगरणीनं मसुरीचंच वस्त्रगाळ पीठ सायीत कालवलं. मग डोळे मिटून माझं बोट स्वतःच्या पापणीवर ठेवलं आणि हलकेच फिरवलं.

"येवढाच जोर. अन् आठवड्यातनं येकदाच."

दुपारी पाहुणे आले, मी पसंत पडले. नवऱ्याचं त्या दिवशीचं तोंड मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माझ्या बोटाखाली तिचा डोळा स्वप्न पडल्यासारखा हलत होता आणि बोट उचलायचं माझ्या जिवावर आलं होतं.