हातभर फीत

आम्हा चौघा मित्रांत एक नियम होता. ओरिजिनल कॅसेट कुणी वाजवायची नाही. ती आधी माझ्याकडे यायची, कारण डबल डेक फक्त माझ्याकडे. मी सगळ्यांना कॉपी करून द्यायचो आणि ओरिजिनल मालकाच्या कपाटात जाऊन बसायची. नव्वदीच्या सुरुवातीला नाशकात इंग्रजी रॉकच्या कॅसेट सहज मिळत नसत, त्यामुळे हा कारभार आम्हाला फार शहाणपणाचा वाटे.

गंगापूर रोडवरच्या मित्राला त्याच्या मोठ्या भावानं मुंबईहून, नोकरी लागल्या लागल्या, तो जगभर गाजलेला अल्बम पाठवला. कॅसेट माझ्या हातात देताना मित्र म्हणाला, "जपून रे. दादानं पाठवलीय."

कॉपी करताना शेवटच्या गाण्यात डेकनं टेप गिळली. हातभर फीत पार चुरगळली. मी ती कापली, दोन टोकं चिकटपट्टीनं जोडली, कॉप्या केल्या आणि गप्प बसलो.

रविवारी त्याच्या गच्चीवर सगळे ऐकायला जमलो. ती जागा आली. गिटारचा सूर मध्येच तुटला आणि एकदम ड्रम आदळले. मित्रानं बोट वर केलं. संपलं, असं मला वाटलं.

"बँडनं काय सूर तोडलाय बघ! याला म्हणतात हिंमत!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मी म्हणालो, "हॅट्! लोकांनी उगाच डोक्यावर घेतलाय हा अल्बम." पुढं वर्षानुवर्षं मी तेच म्हणत राहिलो. विषय निघाला की मी शिव्या घालायचो, तो त्या तुटलेल्या सुराचा दाखला द्यायचा आणि मला घाम फुटायचा.

बारा-तेरा वर्षांनी त्यानं त्याच अल्बमची सीडी आणली. फोनवर म्हणाला, "ये घरी. आज सोक्षमोक्ष लावू."

शेवटचं गाणं लागलं. सवयीनं त्याचं बोट वर गेलं. सूर तुटला नाही. तो चढला, बारीक होत होत विझायला आला, पुन्हा उभा राहिला आणि मग ड्रम आले. माझ्या अंगावर काटा आला. लोकांचं खरं होतं. त्याचं बोट तसंच वर राहिलं होतं.

तो उठला. कपाटातून ओरिजिनल काढून पेन्सिलीनं फीत फिरवू लागला. पिवळी पडलेली चिकटपट्टी वर आली.

"तू?"

"अडकली होती रे. सांगायची भीती वाटली."

"टेपचं जाऊ दे. इतकी वर्षं भांडत होतास. ऐकलाच कुठं होतास तू हा अल्बम?"

त्यानं कॅसेट हळूच डबीत ठेवली.

"आणि मलाही ऐकू दिला नाहीस."