एडेचा जांभळा माळ आणि माझा जळफळाट

खरं कारण आधीच सांगून टाकते. नेदरलँड्सला मी काही जग बघायला गेले नव्हते. आईला न्यायचं आणि आईला परत आणायचं, एवढंच काम होतं.

आम्ही दोघी बहिणी, भाऊ नाही. वडील गेल्यापासून नऊ वर्षं आई माझ्याकडे बुऱ्हाणपूरला असते. धाकटी वर्षा नवऱ्याबरोबर एडे नावाच्या गावात. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती "आई, ये ना गं" म्हणायची, आई माझ्याकडे बघायची आणि मी म्हणायचे, "आधी तिचे गुडघे बघ." यंदा वर्षाने विचारलंच नाही. अठरा दिवसांची जाण्यायेण्याची दोन तिकिटं काढून पाठवली. व्हिसा तीन महिन्यांचा मिळाला. बांगड्यांचं दुकान नवऱ्याच्या गळ्यात टाकून मी निघाले. मनात पक्कं होतं, आठव्या दिवशी आईच म्हणेल, चल बाई घरी.

जाणाऱ्यांसाठी सांगते. आम्ही रेल्वेने मुंबई गाठली आणि तिथून थेट ॲमस्टरडॅमचं विमान घेतलं. विमानतळाच्या पोटातच रेल्वे स्टेशन आहे. तिकिटाची रांग नाही, बँकेचं कार्ड खांबाला टेकवायचं, उतरल्यावर विसरून न जाता पुन्हा टेकवायचं. माणशी वीसएक युरो पडतात आणि तासाभरात एडे येतं. ऑगस्टअखेर असूनही स्वेटर लागला.

गाव बघून पहिल्याच मिनिटाला माझ्या पोटात दुखायला लागलं. मोठ्या मोठ्या काचांच्या खिडक्या, त्यांना पडदे नाहीत. सायकलींना वेगळा लाल रस्ता. कुणी हॉर्न वाजवत नाही. आणि गावाभोवती जंगल! वर्षाच्या घरामागून दहा मिनिटं चाललं की ओक आणि पाईनची झाडं सुरू होतात. आमच्याकडे जंगल बघायचं तर खकनारच्याही पुढे गाडी काढावी लागते, आणि ही बया घरातल्या चपलांवर जाऊन येते.

आई रस्त्यावर थांबून म्हणाली, "काय गं वर्षा, एक माणूस दिसत नाही. कर्फ्यू लागला का?"

"आई, इथे असंच असतं. शांती आहे ना एकदम!"

"मले तर करमायचं नाही बाई," आई म्हणाली. मी मनातल्या मनात लाडू फोडला.

दुकानातली केळी बघून मात्र माझं डोकं फिरलं. एकसारखी पिवळी, एक डाग नाही, प्रत्येक फणीवर स्टिकर, आणि आलेली समुद्रापलीकडून. आमचं निंबोल्याचं शेत आता चुलतभाऊ बघतो. त्याची केळी ट्रकात भरताना काळी पडतात म्हणून व्यापारी भाव पाडतो. वर्षा म्हणाली, "ताई, खाऊन तर बघ." खाल्लं. चव काहीच नव्हती. फार बरं वाटलं मला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठले तर आई अंथरुणात नाही. वर्षा आणि मी बाहेर धावलो. आई शेजारच्या अंगणात उभी होती. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत निळ्या फुलांचे वाटीएवढे गेंद, आणि काचेमागे घराची मालकीण गाऊनवर उभी राहून बघतेय.

बुऱ्हाणपूरला आमच्या कॉलनीत हे रोजचं आहे. सकाळी आई पिशवी घेऊन निघते आणि कुंपणाबाहेर आलेली जास्वंद, कण्हेर, तगर देवासाठी तोडून आणते. देवाच्या फुलाला कुणी चोरी म्हणत नाही. उलट एखादी बाई आतून ओरडते, "मावशी, मोगरा मागच्या बाजूला आहे."

वर्षाचा चेहरा पांढरा पडला. "आई! इथे नाही चलत असं! ये लोग पोलीस को फोन कर देते हैं!"

"अगं, देवाले चार फुलं..."

"चार? अख्खं झाड बोडकं केलं तू!"

खोटं कशाला बोलू, मला आतून गुदगुल्या झाल्या. बिच्चारी आई, आता हिला इथे नको नको होईल, अठरा दिवसांचे दहाच करू या, असा हिशेबही मी मांडून टाकला.

वर्षाने दुपारी आईला माफी मागायला शेजारी नेलं. सोबत आम्ही नेलेल्या दराब्याचा डबा. दराबा म्हणजे रवा, तूप आणि साखर फेटून फेटून केलेली आमच्या गावची मिठाई. शेजारीणबाईंचं नाव ट्रुस, वय पंचाहत्तरच्या आसपास, एकट्या राहतात. त्यांनी दराबा चाटून बघितला, डोळे मिटले, मग आत जाऊन कात्री आणली आणि आईच्या हातात दिली. खुणेनेच दाखवलं, असं ओरबाडायचं नाही, देठावर नवा कोंब फुटतो त्या डोळ्याच्या वर तिरका काप द्यायचा. मग डायरी उघडून वर्षाला विचारलं, "उद्या साडेदहा चालेल का?" इथे शेजारणीकडे कॉफीला जायचं तरी वही बघावी लागते. आणि कॉफीबरोबर बिस्कीट एकच. आई घरी येऊन म्हणाली, "डबा उघडते, एक देते, अन् झाकण लावून टाकते!" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घरी ती अशी शेवटची कधी हसली होती, मला आठवेना.

त्यानंतर रोज साडेदहा. ट्रुसबाईंच्या पडवीत त्यांच्या गेलेल्या नवऱ्याची, धरून चालायची चार चाकांची ढकलगाडी पडून होती. पुढे टोपली, हाताशी ब्रेक, दमलं की बसायला फळी. ती आईला मिळाली. एकीला डच, दुसरीला आमची बोली, पण दोघी निघाल्या की बारापर्यंत पत्ता नाही. मी वर्षाच्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटत खिडकीतून बघत बसायचे. अंगाचा नुसता तिळपापड.

मधे एक दिवस वर्षाने मला शेजारच्या राष्ट्रीय उद्यानात नेलं. जरूर जा. आत शिरायचं तिकीट आहे, पण पांढऱ्या सायकली फुकट, कुठलीही उचला, कुठेही सोडा. कुलूप नाही! मी वाटभर वर्षाला टोमणे मारले, तिने एकही परत केला नाही. त्याचाही राग आला.

बाराव्या दिवशी मीच हट्टाने आई आणि ट्रुसबाईंबरोबर जंगलापलीकडच्या माळावर गेले. जंगल संपलं आणि एकदम समोर जांभळा रंग. गुडघ्याएवढी झुडपं, त्यांना मोहरीएवढी फुलं, आणि तेच पार क्षितिजापर्यंत. मधूनच वाळूची पांढरी पायवाट. मेंढ्यांचा मोठा कळप सळसळत चरत होता. ट्रुसबाईंनी पाटी दाखवली आणि वर्षाने सांगितलेलं मला आठवलं की मेंढ्या कोवळी झाडं खातात म्हणून हा माळ माळ राहतो, नाहीतर जंगलच होऊन जाईल. इतकं सुंदर काही मी पाहिलेलं नाही, आणि ते माझ्या बहिणीच्या वाट्याला आलंय, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी छातीत बसल्या.

आई सपासप पुढे चालली होती. मी ओरडले, "आई, हळू! गुडघे!"

ती ढकलगाडीच्या फळीवर टेकली. "नाही दुखत मले इथं."

"इथली हवा लागली वाटतं."

"हवा नाही गं. चालते ना मी रोज. तिथं तू कुठी जाऊ देते? घाटावर नको, पायऱ्या आहे. बाजारात नको, गाड्या आहे. इच्छापूरले देवीले नको, चढ आहे. बसून बसून लाकूड झाले होते पाय."

"तुझ्या भल्यासाठीच ना?"

"हो ना. मी कुठी नाही म्हनते?" ती उठली आणि ट्रुसबाईंच्या मागे निघाली.

निघायच्या दोन दिवस आधी मी बॅगा भरत होते. आईच्या साड्या घ्यायला कपाट उघडलं, तशी ती दाराशी येऊन म्हणाली, "माह्यं तिकीट बदलता येते म्हने. व्हिसा संपेपर्यंत राहते मी."

"वर्षाने शिकवलं का हे?"

"तिले तर अजून माहीतच नाही. आधी तुले सांगितलं."

मी म्हणाले, "राहा ना, मला काय!" आणि तिच्या साड्या पुन्हा कपाटात रचल्या. जरा जास्तच जोरात.

बुऱ्हाणपूरला येऊन तीन आठवडे झाले. दुकानात येणारी प्रत्येक बाई विचारते, "मावशी कुठी आहे?" मी सांगते, "काय करणार, वर्षा सोडेचना. विमानतळावर पोरगी रडायला लागली." बायका म्हणतात, लेकीचं मन बाई. प्रत्यक्षात विमानतळावर रडले ती मी. वर्षा पाण्याची बाटली घेऊन उभी होती आणि आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

तुम्ही जाणार असाल तर ऑगस्टच्या शेवटी जा, माळ तेव्हाच फुलतो. चालायचे बूट न्या. फुलांना हात लावू नका. घरच्या वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर तिकीट बदलता येणारं काढा.

काल आईचा फोन आला. मेंढ्यांच्या गोठ्यापर्यंत ती जाऊन आली, ट्रुसबाई नव्हत्या, एकटीच. हे सांगताना तिचा आवाज पोरीसारखा झाला होता. मी म्हणाले, "एकटी? अगं, पडशील ना!" तिने फोन वर्षाकडे दिला.

दुकानातल्या बायकाही हा ब्लॉग वाचतात, म्हणून इथेच लिहिते. वर्षाने आईला ठेवून घेतलेलं नाही. आई स्वतः राहिली. तिथे तिला कुणी पडशील म्हणत नाही.