वाल्मीक निमसेचं लंगडणं

वाल्मीक निमसेला शिसारी यायला फारसं काही लागत नाही. हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या माणसाने बोटं चाटली की याचं जेवण तिथेच संपतं. बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाचं बटण धरणारे, फोनवर बोलताना कानात किल्ली फिरवणारे, एकदा हात मिळवला की तो परत द्यायलाच तयार नसणारे, या सगळ्यांकडे तो नाकपुड्या आकसून बघतो. निफाडजवळच्या एका कोल्ड स्टोरेजवर तो सुपरवायझर आहे. तिथे पाहुणे येतात, उत्तम घडातला नेमका मधला मणी तोडून तोंडात टाकतात, 'गोड आहे' म्हणतात आणि घड तसाच ठेवून पुढे जातात. अशा वेळी आपण काहीतरी बोलून बसू अशी भीती वाटून वाल्मीक थंड खोलीत जाऊन उभा राहतो. "तुम्हाला माणसांपेक्षा द्राक्षं बरी वाटतात," असं त्याची बायको सविता म्हणते. त्याला ते मान्य आहे.

या माणसाला जगात एकाच जागी कसली घाण वाटत नसे, ती म्हणजे गोलपोस्टसमोरची जागा. तिथे तो चिखलात लोळायचा, हातमोज्यांवर थुंकायचा, दुसऱ्याचा घाम अंगाला लागला तरी तोंड वाकडं करायचा नाही. नाशिक रोडला त्यांच्या मैदानावर दर डिसेंबरात चाळिशीपुढच्यांची फुटबॉल स्पर्धा होते. खेळणाऱ्यांची पोटं सुटलेली असतात, अर्ध्या सामन्यातच धाप लागते, तरी बघायला गर्दी असते, आणि वाल्मीक गोली म्हणून उभा असला की ती गर्दी त्याच्या पोस्टमागे सरकायची.

दोन वर्षांपूर्वीच्या सेमीफायनलला एक साधा, टप्पे खात येणारा चेंडू उचलायला तो वाकला. गुडघ्यात काहीतरी सुटलं आणि तो मटकन खाली बसला. चेंडू त्याच्या डोळ्यांदेखत, हाताच्या अंतरावरून, निवांत आत गेला. लोक आधी हसले, मग त्यांना कळलं. खुर्च्या न्यायला आलेल्या टेंपोतून त्याला दवाखान्यात नेलं. लिगामेंटचं ऑपरेशन झालं, पुढची स्पर्धा हुकली, आणि तेव्हापासून वाल्मीकच्या डोळ्यांसमोर तो चेंडू रोज एकदा तरी आत जात असे. आपल्या आयुष्यातला शेवटचा गोल तो असू नये, एवढंच त्याला हवं होतं. एक सामना मिळाला तरी चालणार होतं. पन्नाशी आली होती, आणखी किती वर्षं कुणी गोलमध्ये उभं करणार?

या वर्षभरात त्याला उभं केलं ते कुंदनने. कुंदन शाळेपासूनचा मित्र, टाइल्सचं दुकान चालवतो, बोलतो भरपूर. एरवी वाल्मीकला याचीही थोडी किळस यायची, कारण कुंदन बोलताना अंगावर येतो. पण रोज सकाळी उजाडायच्या सुमारास तो वाल्मीकच्या घराच्या फाटकाशी हजर असायचा, काखेत थर्मास. थर्मासमध्ये कुंदनच्या बायकोने केलेली गरम नाचणीची आंबील. आधी जॉगिंग ट्रॅकवर चालणं झालं, मग हळूहळू पळणं, आणि दिवाळीनंतर तर एका बंद कारखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर कुंदन चेंडू फेकायचा आणि वाल्मीक दोन विटांच्या मध्ये झेप घ्यायचा. झेप घेऊन उठला की कुंदन धावत येऊन गुडघा चाचपायचा. "दुखतंय? इथं? आणि इथं?" असं विचारायचा. स्वतःच्या भावाने कधी एवढं विचारलं नव्हतं.

एक गोष्ट तेवढी विचित्र होती. "वाल्या, लोकांसमोर जरा लंगडत चाल," असं कुंदनने त्याला पावसाळ्यातच सांगून ठेवलं होतं. "लय बरा झाला, लय बरा झाला म्हणत्यात आणि नजर लावत्यात. मैदानात उतरशील तेव्हाच बघू दे सगळ्यांना."

वाल्मीक निफाडकडच्या एका खेड्यातला. नजरेवर त्याचा विश्वास आहे असं नाही, पण नाही असंही नाही. तो लंगडायला लागला. भाजीबाजारात लंगडला, लग्नाच्या मांडवात लंगडला, देवळाच्या पायऱ्या कठड्याला धरून चढला. लोक 'अरेरे' म्हणायचे तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी यायची. सविता तर एकदा भडकलीच. "घरात नीट चालता, आणि फाटकाबाहेर पाय टाकला की लंगडता. हा काय तमाशा लावलाय?" संघाचे मॅनेजर हिरामणदादा एकदा रस्त्यात भेटले, त्याच्या पायाकडे बघत राहिले आणि खांद्यावर हात ठेवून गेले. आपण यंदा खेळतोय हे त्यांना सांगायला हवं, असं वाल्मीकने त्याच दिवशी कुंदनला म्हटलं. "ते माझ्याकडं लागलं. मी सांगतो दादांना," कुंदन म्हणाला.

डिसेंबरातल्या एका रविवारी कुंदन म्हणाला, "चल, मिसळ खायला. आपली सगळी मंडळी आहेत." गंगापूर रोडच्या पुढे मळ्यात काढलेलं ते ठिकाण. मिसळ खायला खाटा, फोटो काढायला सजवलेली बैलगाडी, पोरांना बघायला सशांचा पिंजरा, आणि त्या पिंजऱ्याच्या वासातच लोक तर्रीचे भुरके मारत होते. वाल्मीक ठरल्याप्रमाणे लंगडत आत आला आणि पिंजऱ्यापासून लांबची खाट बघून बसला.

तिथे काय चाललंय हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. मयूर नावाचा फ्लॅटचा एजंट त्यांच्यात आहे, त्याच्या डोक्यातून हे फॅन्टसीचं खूळ निघालं होतं. आठ जणांनी मिळून स्पर्धेतल्या सगळ्या संघांतले खेळाडू आळीपाळीने निवडायचे, प्रत्येकाने आपला एक मनातला संघ बनवायचा, आणि ते खेळाडू मैदानात जे दिवे लावतील त्याचे गुण याला. ज्याचा संघ तळाला, त्याने सगळ्यांना जेवण द्यायचं. या निवडीला ते ड्राफ्ट म्हणत होते. आणि गेल्याच वर्षी मयूरने जाहीर केलेला एक नियम यंदापासून लागू होता. शेवटचा खेळाडू असा घ्यायचा, जो आदल्या वर्षी दुखण्यामुळे किंवा आणखी कशामुळे खेळलेला नाही. कमबॅकवाला. त्याचे गुण दुप्पट.

आधीच्या फेऱ्या वाल्मीकने पावाचे तुकडे करत ऐकल्या. कमबॅकवाल्यांची फेरी सुरू झाली तेव्हा त्याचा हात थांबला.

"मंगळूला घेतो मी," मयूर म्हणाला. "घटस्फोट झाला त्याचा. घरी कटकट नाही, मोकळा सुटलाय. यंदा पेटणार."

सगळे हसले. मंगळू गेल्या डिसेंबरात कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून रडला होता, हे यातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

शेखरचं मेडिकल आहे. कोण कुठली गोळी नेतो ते त्याला माहीत, आणि हा माणूस ते बिनदिक्कत सांगत होता. "याची साखर वाढली, घेऊ नका. त्याचं बीपी आता ताब्यात आहे, मी स्वतः स्ट्रिप देतो. दत्तूला हात लावू नका, अजून कंबरेला पट्टा आहे, परवाच बदलून नेला." बोलताना त्याच्या ओठाला शेव चिकटली होती. द्राक्षं निवडताना बायका कात्रीने खराब मणी काढतात, पण त्या तरी तोंडाने काही बोलत नाहीत. ही आपल्याच गावातली, आपल्याच वर्गातली माणसं, आणि एकेकाचं दुखणं असं उलटंपालटं करून बघत होती.

शेवटी कुंदनची पाळी आली. तो पाणी प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "वाल्मीक निमसे."

क्षणभर कुणाला कळेना. मग हशा उसळला. "अरे, तो आत्ता आपल्यासमोर लंगडत आला की!"

"लंगडत आला, कारण मी सांगितलंय लंगडायला!" कुंदन उभाच राहिला. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता. "पावसाळ्यापासून लंगडतोय तो. तुम्ही सगळे फसलात की नाही? एकाने तरी विचार केला का याच्या नावाचा? वर्षभर रोज सकाळी पळवलाय मी त्याला. गुडघा लोखंडासारखा झालाय. शेवटच्या पाळीला आयता माझा गोली, आणि गुण दुप्पट!"

"काय डोकं लावलंय, मानलं बुवा," मयूर म्हणाला, आणि त्याने खरोखर टाळ्या वाजवल्या.

वाल्मीकच्या हातातला पाव तसाच राहिला. आपलं नाव कुणीतरी घेतलं, या गोष्टीने पहिल्यांदा त्याच्या पोटात गुदगुल्या झाल्या होत्या, हे त्याला नाकारता येईना, आणि त्याचीच त्याला सगळ्यात जास्त किळस आली. मग एकेक सकाळ आठवायला लागली. गुडघ्यावरची ती बोटं, 'इथं दुखतंय का' हा प्रश्न, ती आंबील.

"पळून दाखवू दे की मग!" शेखर ओरडला. "नुसतं तू म्हणतोस म्हणून?"

"दाखव रे वाल्या! पार्किंगमध्ये चल!"

उठून सरळ घरी जावं, असं वाल्मीकला वाटलं. पण तो पार्किंगकडे गेला. बाजारात बैल फिरवतात तसं आपल्याला फिरवतायत हे कळत असूनही गेला, कारण आपण पळू शकतो हे कुणाला तरी दिसावं म्हणून तो महिनोन्‌महिने तळमळत होता. तो चपला काढून गाड्यांच्या दोन रांगांमधून पळाला, टोकाच्या कडुलिंबाला हात लावला, गर्रकन वळला आणि परत आला. पाय हलका पडत होता. मिसळ खायला आलेल्या अनोळखी बाया-पोरांनीही टाळ्या वाजवल्या.

त्याच वेळी हिरामणदादांची स्कूटर आत येऊन थांबली. कुणाला तरी जर्सी द्यायला ते आले होते. त्यांनी स्कूटर स्टँडवर लावलीच नाही, तशीच धरून उभे राहिले.

"हा कधीपासून पळतोय?" त्यांनी विचारलं.

"लय दिवस झाले, दादा!" कुंदन म्हणाला. "यंदा तुमचा गोली हाच."

"अरे पण नावं तर मी कालच देऊन आलो." हिरामणदादांचा आवाज बारीक झाला. "नावं बंद झाली, कालचीच मुदत होती. देवळालीचा एक गोली घेतलाय मी. वाल्मीक, तुला बाजारात लंगडताना बघायचो रे. म्हटलं, खेळतोस का विचारून त्याला आणखी कशाला लाजवायचं. तू एक शब्द तरी बोलायचास."

वाल्मीकने कुंदनकडे बघितलं.

"सांगणारच होतो ना," कुंदन म्हणाला. "आज सांगणार होतो, ड्राफ्ट झाल्यावर. आधी सांगितलं असतं तर बातमी फुटली असती. मला काय माहीत मुदत काल होती!"

कुंदनचा चेहरा खरोखर पडला होता. आता हा काहीतरी म्हणेल, चुकलं म्हणेल, दादांचे पाय धरेल, असं वाल्मीकला वाटलं. कुंदन मयूरकडे वळला.

"म्हणजे माझा कमबॅकवाला वाया? बदली तरी घेता येईल ना?"

"नियमात तसं नाही," मयूर म्हणाला, "पण तुझी केस वेगळी आहे. घे."

"मग दत्तू," कुंदन म्हणाला. "पट्टा असू दे. सुधारून घेऊ."

वाल्मीकने चपला शोधल्या. एक गाडीखाली गेली होती, ती ओणवं होऊन काढावी लागली. हिरामणदादा "अरे, बस तरी, चहा घे," म्हणत मागे आले, पण तो थांबला नाही. घरी पोचल्यावर सविताने एवढंच विचारलं, की आज फाटकातून सरळ चालत कसे आलात. "आता गरज नाही," तो म्हणाला आणि साबण लावून लावून हात धूत बसला. सविताला त्याने सगळं सांगितलं तेव्हा तिने कुंदनला ज्या शिव्या दिल्या, त्या ऐकून त्याला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो सवयीने फाटकाशी जाऊन उभा राहिला. निफाडकडचा थंड वारा अंगाला झोंबत होता. कुंदन येणार नाही हे त्याला माहीत होतं, आला असता तर काय केलं असतं हेही त्याने रात्री ठरवून ठेवलं होतं. तरी तो उभा राहिला, थोडा जास्तच वेळ. मग स्वतःलाच एक शिवी हासडून ट्रॅकवर गेला.

पहिल्याच वळणावर ते दोघे दिसले. दत्तू कंबरेला पट्टा बांधून सावकाश चालत होता. कुंदनने एक हात त्याच्या पाठीवर ठेवला होता, दुसऱ्या हातात थर्मास होता. "इथं दुखतंय? आणि इथं?" असं तो विचारत होता. थर्मासच्या झाकणात वाफाळलेली आंबील होती आणि दत्तू ती कृतज्ञपणे पीत होता. वाल्मीकला बघून कुंदनला ना लाज वाटली ना काही. "ये रे वाल्या," त्याने हाक मारली, "उरलीय थोडी."

वाल्मीक उत्तर न देता पळत पुढे गेला. तो छान पळत होता, गेल्या कित्येक वर्षांत पळाला नव्हता इतका छान. मागून कुंदनचा आवाज आला.

"बघ दत्तू, बघ! गुडघा कसा उचलतोय बघ. ऑपरेशनचा गुडघा आहे तो. मी तयार केलाय. तुझी कंबर काय चीज आहे!"

वाल्मीकच्या तोंडात कडू पाणी आलं. तो ट्रॅकच्या कडेला थुंकला. आणि पुढच्या पावलाला त्याने तो पाय ओढला. मग त्याच्या पुढच्या पावलाला परत ओढला.

"अरे, आता कशाला?" कुंदन ओरडला. "वाल्या, आता सरळ पळ की!"

वाल्मीकने मागे बघितलं नाही. भर ट्रॅकवर, चार माणसं वळून बघत असताना, तो फाटकापर्यंत तसाच लंगडत गेला.